कायटोसॅनचे नॅनो द्रावण: द्राक्षबागेतील वापर आणि बाटलीमागचे गणित

जालना जिल्ह्यातील कृषी सेवा केंद्रांत अलीकडे ‘नॅनो कायटोसॅन’ या नावाने जी द्रावणे विकली जातात, त्यांपैकी एक आमच्या गटाने फळछाटणीपासून काढणीपर्यंत द्राक्षबागेत वापरून पाहिले. निष्कर्ष आधीच सांगतो. भुरी या पांढऱ्या बुरशीरोगाच्या बंदोबस्तासाठी, विशेषतः मण्यांत पाणी उतरल्यानंतरच्या (मणी मऊ पडून पिकू लागल्यानंतरच्या) काळात, हे द्रावण योग्य पाण्यातून फवारले तर ते कामाचे आहे. डाऊनी (केवडा) हा रोग बागेत शिरल्यानंतर त्याच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे, आणि ठिबकमधून ते जमिनीत सोडणे म्हणजे पैसे मातीत घालणे आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच स्वरूपाचा माल वेगवेगळ्या लेबलांखाली मिळतो आणि पुढे लिहिलेल्यापैकी बरेचसे त्या सगळ्यांनाच लागू पडते.

कायटोसॅन ही वस्तू मुळात नवी नाही. कोळंबी आणि खेकड्यांचे कवच, कीटकांचे बाह्य आवरण आणि बुरशीची पेशीभित्तिका यांत कायटिन नावाचा जैवपॉलिमर असतो, आणि निसर्गात सेल्युलोजच्या खालोखाल विपुल आढळणारा बहुशर्करा पदार्थ म्हणून त्याची गणना होते. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्राकोनो यांनी १८११ साली तो अळिंबीतून वेगळा केला होता. कोळंबी निर्यात करणाऱ्या कारखान्यांत उरलेल्या टरफलांतील चुना आम्लाने आणि प्रथिने सौम्य अल्कलीने काढून टाकली, आणि उरलेले कायटिन तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवले, की त्यातील अॅसिटिल गट निघून जाऊन कायटोसॅन तयार होते. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या प्रक्रियेवर दीर्घकाळ काम केले आहे. आमच्या गटातील एका माळकरी बागायतदाराने ‘हे कोळंबीचे असेल तर माझ्या बागेत नको’ असे स्पष्ट सांगितले होते आणि त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नव्हता, म्हणून येथे नमूद करतो की सायट्रिक आम्लाच्या उत्पादनात वापरल्या जाणाऱ्या अॅस्परजिलस नायजर या बुरशीच्या उरलेल्या तंतूंपासूनही कायटोसॅन काढले जाते. आम्ही घेतलेल्या बाटलीवर मात्र स्रोताचा उल्लेख नव्हता, आणि विक्रेत्यालाही तो सांगता आला नाही.

‘नॅनो’ हा भाग त्यामानाने अलीकडचा आहे. कायटोसॅनच्या साखळीवर धन विद्युतभार असतो. आम्लयुक्त पाण्यात विरघळलेल्या या साखळ्यांत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटसारखा ऋणभारित क्षार हळूहळू मिसळला, की दोहोंच्या आकर्षणातून साखळ्या गुंडाळल्या जातात आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. ही सोपी पद्धत स्पेनमधील संशोधकांनी १९९७ साली औषधे वाहून नेण्याच्या उद्देशाने मांडली आणि पुढे ती शेतीकडे वळली. व्याख्येप्रमाणे नॅनो म्हणजे १ ते १०० नॅनोमीटर, परंतु या पद्धतीने तयार होणारे कण पुष्कळदा त्याहून मोठे, काहीशे नॅनोमीटरपर्यंतही असतात. आकार लहान झाला की तेवढ्याच वजनाचे पृष्ठफळ कित्येक पटींनी वाढते, कण पानावर समान पसरतात, आणि त्यांच्या पोटात तांबे, जस्त किंवा एखादे बुरशीनाशक भरून ते सावकाश सोडवताही येते.

रोगावर त्याचा परिणाम दोन वाटांनी होतो, आणि या दोन वाटा वेगळ्या ओळखल्याशिवाय बाटलीचे मूल्यमापन करता येत नाही. पहिली वाट थेट माराची आहे. धनभारित कायटोसॅन बुरशीच्या ऋणभारित पेशीपटलाला चिकटते, पटलाला गळती लागते, आणि बीजाणूंचे अंकुरण व तंतूंची वाढ खुंटते. दुसरी वाट झाडाला सावध करण्याची आहे. बुरशीच्या भित्तिकेतील कायटिनचे तुकडे ओळखण्याची यंत्रणा वनस्पतीच्या पेशींकडे उपजतच असते, त्यामुळे कायटोसॅनचा स्पर्श होताच झाड शत्रू दारात आल्यासारखे वागू लागते, कायटिनेज आणि ग्लुकानेजसारखी बुरशीची भिंत विरघळवणारी विकरे तयार करते आणि पेशीभित्तिका जाड करते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाचे ली हॅडविगर यांनी १९८० च्या सुमारास वाटाण्याच्या शेंगांवर हे दाखवून दिले होते. कायटोसॅन लागताच शेंगेच्या पेशींत पिसॅटिन हे बुरशीरोधक द्रव्य साठू लागते, असे त्यांना आढळले. ही दुसरी वाट फार थोड्या मात्रेतही चालू होते. पहिलीला भरपूर मात्रा लागते.

आता बाटलीकडे वळू. आमच्याकडील लेबलवर कायटोसॅन २ टक्के असे लिहिले होते आणि मात्रा प्रतिलिटर पाण्यास २ मिली दिली होती. गणित करून पाहिले तर प्रतिलिटर फवारणी द्रावणात ४० मिलिग्रॅम, म्हणजे ०.००४ टक्के कायटोसॅन जाते. एकरी ४०० लिटर पाणी धरले तर ८०० मिली बाटलीतून एकरभर वेलींवर जेमतेम १६ ग्रॅम कायटोसॅन पसरते. तुलनेसाठी, ८० टक्क्यांचे पाण्यात मिसळणारे गंधक प्रतिलिटर २ ग्रॅम या प्रमाणात तेवढ्याच पाण्यात ८०० ग्रॅम जाते. इटलीतील द्राक्षबागांत साध्या कायटोसॅनने डाऊनीवर तांब्याच्या तोडीचे संरक्षण दिल्याचे जे प्रयोग वारंवार सांगितले जातात, त्यांत मात्रा अर्धा टक्का किंवा त्याहून अधिक होती. आपल्या बाटलीच्या मानाने ती किमान सव्वाशे पट ठरते, आणि त्या हिशेबाने एकरी २ किलो कायटोसॅन लागेल. उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठात तांबेयुक्त कायटोसॅन नॅनोकणांनी टोमॅटोच्या करप्यावर व मर रोगाच्या बुरशीवर जे चांगले परिणाम दिले, तेही ०.१ टक्क्याच्या आसपासच्या मात्रेत, म्हणजे बाटलीवरील मात्रेच्या पंचवीसएक पटीने. कण बारीक केल्याने कार्यक्षमता वाढते हे मान्य केले, तरी एवढी तूट केवळ बारकाईने भरून निघेल असे मानण्यास माझे मन धजत नाही. थोडक्यात, लेबलवरील मात्रेत हे द्रावण बुरशी मारत नाही, फक्त वेलीला जागे करते. विक्रेता मात्र ते ‘बुरशीनाशकच, पण बिनविषारी’ असे सांगून विकतो, आणि माझा मुख्य आक्षेप येथेच आहे.

या आक्षेपाला कायद्याचीही बाजू आहे. लेबलवर बुरशीनाशक हा शब्द कोठेही नव्हता, तर ‘जैव उत्तेजक’ असे छापलेले होते. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये २०२१ साली जैव उत्तेजकांचा समावेश झाला, आणि त्यांच्या व्याख्येतून कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येणारी द्रव्ये स्पष्टपणे वगळली आहेत. म्हणजे ज्या बाटलीवर जैव उत्तेजक असे लिहिले आहे तिने रोगनियंत्रणाचा दावा करायचा नाही, आणि रोगनियंत्रणाचा दावा करायचा असेल तर केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडील नोंदणी लागते. कागदावर दावा नाही आणि काउंटरवर तोंडी दावा आहे, अशा व्यवहारात फवारणी फसली तर शेतकऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. पक्के बिल घ्यावे, त्यावर बॅच क्रमांक लिहून घ्यावा, आणि विक्रेता ‘डाऊनी थांबवतो’ असे म्हणत असेल तर तेवढे बिलावर लिहून देण्यास सांगावे. तो लिहून देणार नाही, आणि आपल्याला हवे ते उत्तर तेवढ्यातच मिळून जाईल.

लेबलवरील उणिवांबद्दल आणखी थोडे. कायटोसॅनची गुणवत्ता अॅसिटिल गट किती प्रमाणात निघाले आहेत आणि साखळीची लांबी किती आहे, या दोन गोष्टींवर ठरते. नॅनो द्रावणाची गुणवत्ता कणांचा आकार आणि त्यांवरील विद्युतभार यांवर ठरते. यांपैकी एकही आकडा लेबलवर नव्हता. द्रावण किंचित निळसर दुधी दिसते, व्हिनेगरसारखा वास येतो, आणि अंधाऱ्या खोलीत त्यातून लेझरचा किरण सोडला तर त्याची रेषा स्पष्ट उमटते. ही रेषा दाखवून ‘पाहा, नॅनो आहे’ असे सांगणारे प्रतिनिधी मी पाहिले आहेत, पण किरणाची रेषा कोणत्याही कलिल (सूक्ष्म कण तरंगणाऱ्या) द्रावणात, अगदी पाण्यात टाकलेल्या थेंबभर दुधातही दिसते, त्यामुळे त्या चाचणीवर भाळू नये. आम्ही घेतलेल्या बाटल्यांपैकी जी उन्हाळ्यापासून दुकानातल्या पत्र्याच्या छपराखाली पडून होती, तिच्या तळाशी पांढरट गाळ बसला होता आणि हलवूनही तो पूर्ण मिसळला नाही. आम्लात विरघळलेल्या कायटोसॅनच्या साखळ्या उष्णतेने तुटत जातात आणि कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. मराठवाड्यातील एप्रिल-मेच्या उन्हात साठवलेला माल ऑक्टोबरमध्ये विकत घेताना उत्पादनाची तारीख पाहणे म्हणूनच किमतीपेक्षाही महत्त्वाचे आहे.

पाण्याचा विषय सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि लेबलवर त्याविषयी एक ओळही नाही. कायटोसॅन आम्लयुक्त पाण्यातच विरघळते आणि त्याचा धनभार सामू (पीएच) साडेसहाच्या खाली असेपर्यंतच टिकतो. सामू त्यापुढे सरकला की भार जातो, कण एकमेकांना दूर ठेवू शकत नाहीत आणि त्यांचे पुंजके होतात. आपल्या भागातील बेसाल्ट खडकातून येणाऱ्या विंधन विहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते आणि सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. अशा पाण्याच्या टाकीत बाटली ओतणे म्हणजे निर्मात्याने कष्टाने बारीक केलेले कण पुन्हा एकत्र गोळा करणे होय. आम्ही पारदर्शक बाटल्यांत छोटी चाचणी केली. विंधन विहिरीच्या पाण्यात मिसळलेल्या द्रावणात अर्ध्या तासात तंतुमय पांढरे पुंजके तरंगू लागले, शेततळ्यातील पावसाच्या पाण्यात ते कमी दिसले, आणि आम्ल मिसळून सामू पावणेसहाच्या आसपास आणलेल्या पाण्यात द्रावण एकजीव राहिले. गटातील एका बागायतदाराच्या फवारणीच्या ब्लोअरचे गाळणे याच पुंजक्यांनी चोंदले होते, आणि त्यांना ते शेवाळ वाटले होते.

सामू खाली आणण्यासाठी आपल्याकडे सर्रास सायट्रिक किंवा फॉस्फरिक आम्ल वापरले जाते. इतर फवारण्यांसाठी ते ठीक आहे, परंतु येथे नाही. सायट्रेट आणि फॉस्फेट हे दोन्ही बहुभारित ऋण आयन असल्यामुळे ते कायटोसॅनच्या साखळ्यांना आपापसांत बांधतात. ज्या तत्त्वाने कारखान्यात कण तयार केले जातात त्याच तत्त्वाने टाकीत मग मोठाले गोळे बनतात. त्यापेक्षा साधे पांढरे व्हिनेगर, म्हणजे सौम्य अॅसिटिक आम्ल, थोडे थोडे मिसळून सामूपट्टीने तपासत साडेपाच ते सहाच्या दरम्यान थांबणे सोयीचे पडते. त्याहून खाली गेल्यास कोवळ्या पानांच्या कडा करपण्याची भीती असते. पाणी फार क्षारयुक्त असेल तर व्हिनेगर इतके लागते की त्यापेक्षा शेततळ्याचेच पाणी घेणे परवडते. कडवंचीसारख्या गावात पाणलोटाच्या कामानंतर जवळपास प्रत्येक बागेशेजारी शेततळे झाले आहे, त्यामुळे ही सोय आमच्याकडे बऱ्याच जणांना हाताशी आहे. फक्त शेवाळलेल्या तळ्याच्या पाण्याचा सामू दिवसा, ऊन चढल्यावर वाढत जातो, म्हणून टाकी सकाळीच भरून घ्यावी.

बागेतील निरीक्षणांविषयी. एकाच बागेत काही ओळींवर नेहमीचे फवारणी वेळापत्रक, काही ओळींवर प्रतिबंधक बुरशीनाशकांच्या जागी केवळ हे द्रावण, आणि काही ओळींवर दोन्हींचा आलटूनपालटून वापर, अशी मांडणी होती. हा विद्यापीठाचा प्रयोग नव्हे, त्यामुळे टक्केवारी देत नाही. पोंगा अवस्थेनंतर (डोळे फुगून कोंब बाहेर पडल्यानंतर) पाने फुटत असताना परतीच्या पावसाची भुरभुर आणि सकाळचे दव असे डाऊनीला पोषक हवामान मिळाले, आणि केवळ द्रावणावर ठेवलेल्या ओळींत तेलकट डाग सर्वांत आधी दिसले. पाठोपाठ पानांच्या खालच्या बाजूस पांढरी वाढही दिसू लागली. त्या ओळींवर आंतरप्रवाही, म्हणजे वेलीच्या आत भिनणारे, बुरशीनाशक फवारूनच रोग आवरावा लागला. आलटूनपालटून वापर केलेल्या ओळी आणि नेहमीच्या वेळापत्रकाच्या ओळी यांत मात्र नजरेला फरक जाणवला नाही, म्हणजे काही रासायनिक प्रतिबंधक फवारण्या वगळूनही बाग तेवढीच निरोगी राहिली. हे यश लहान नाही.

डाऊनीपुढे हे द्रावण उणे पडले याला जीवशास्त्रीय कारण आहे. डाऊनीचा प्लाझमोपारा हा खऱ्या अर्थाने बुरशी नव्हे. त्याची पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकानची असते, आणि त्याचे पोहणारे बीजाणू पानावरील पाण्याच्या थरातून पर्णरंध्रांपर्यंत जाऊन आत शिरतात. कायटोसॅनमुळे पर्णरंध्रे काही काळ मिटतात असे प्रयोगांत दिसले आहे, म्हणजे आगाऊ फवारणीने दार थोडे लोटून घेता येते, पण द्राक्षाची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूस असल्यामुळे फवारा तेथे पोहोचला तरच याचा उपयोग. शिवाय वेलीला सावध होण्यास वेळ लागतो. पाऊस पडून गेल्यावर फवारणारा येथे हरतोच. ढग दिसण्यापूर्वी, किमान दोनतीन दिवस आधी फवारणी झाली पाहिजे, आणि नवीन फुटणाऱ्या पानांना मागच्या फवारणीचे संरक्षण पुरेसे मिळत नाही हे लक्षात ठेवून वाढीच्या काळात ती लवकर लवकर परत करावी लागते.

भुरीची गोष्ट वेगळी निघाली. भुरीची बुरशी खरी बुरशी आहे, तिच्या भित्तिकेत कायटिन आहे, ती पानाच्या आणि मण्याच्या पृष्ठभागावरच पसरते आणि फक्त शोषकांकुर पेशीत घुसवते. त्यामुळे पृष्ठभागावरील कायटोसॅनचा पातळ पापुद्रा आणि जाग्या झालेल्या पेशी, असे दोन्ही अडथळे तिच्या वाटेत येतात. डिसेंबर-जानेवारीच्या ढगाळ थंडीत आतील सावलीतल्या घडांवर भुरीचे ठिपके नेहमी दिसतात. द्रावणाच्या ओळींत ते उशिरा आणि विरळ दिसले, आणि दाट वाढलेली कॅनॉपी (पानांचा पसारा) मोकळी केलेल्या वेलींवर तर जवळजवळ दिसलेच नाहीत. अर्थात कॅनॉपी मोकळी करणे हाही भुरीवरचा उपाय असल्याने सगळे श्रेय बाटलीला देण्याची घाई मी करणार नाही.

भुरीसाठी हे उपयुक्त आहे असे जे म्हणतो, त्यामागे अवशेषांचा हिशेब आहे. मण्यांत पाणी उतरल्यावर ट्रायझोल गटातील बुरशीनाशके फवारली की काढणीपूर्व प्रतीक्षा काळ आणि कमाल अवशेष मर्यादा यांचे ओझे डोक्यावर येते, आणि गंधक उशिरा फवारले तर मण्यावर डाग राहतात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या अवशेषांमुळे युरोपात भारतीय द्राक्षांची जी अडवणूक झाली, तिची आठवण निर्यातदार बागायतदारांना अजून आहे. ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. कायटोसॅन हायड्रोक्लोराइडला युरोपीय संघाने २०१४ साली पीक संरक्षणासाठी ‘मूलभूत पदार्थ’ म्हणून मान्यता दिली आहे, त्यामुळे काढणीच्या तोंडावर हाताशी असावे असे द्रावण म्हणून त्याची जागा पक्की वाटते. एक काळजी मात्र घ्यावी. मण्यावरील नैसर्गिक मेणचट लव पुसली जाऊ नये म्हणून शेवटच्या टप्प्यात बारीक थेंबांचीच फवारणी करावी, आणि चकाकीसाठी कोणताही स्टिकर वाढवू नये, कारण कायटोसॅन स्वतःच चिकटते.

मिसळण्याबाबत विक्रेत्याचे ‘सगळ्यांबरोबर चालते’ हे वाक्य साफ चुकीचे आहे. ह्युमिक आम्ल, समुद्री शेवाळाचा अर्क, १२:६१:०० सारखी स्फुरदयुक्त विद्राव्य खते आणि सल्फेट स्वरूपातील सूक्ष्म अन्नद्रव्ये यांतील ऋणभारित घटक कायटोसॅनला पकडून साका तयार करतात. बोर्डो मिश्रण अल्कधर्मी असल्यामुळे तेही चालत नाही. ट्रायकोडर्मा ही देखील बुरशीच आहे आणि सुडोमोनास हा जिवाणू, तेव्हा ही जैविक औषधे एकाच टाकीत टाकून दोन्हींचा घात करण्यात शहाणपण नाही. आठवड्याचे अंतर ठेवलेले बरे. हे द्रावण एकट्यानेच फवारावे, आणि त्यामुळे मजुरीची व डिझेलची एक वेगळी फेरी वाढते, हे किमतीत धरावे.

हिंगोली जिल्ह्यातील वसमतकडच्या एका नातेवाइकांनी हेच द्रावण हळदीच्या कंदकुजीसाठी आळवणीतून आणि ठिबकमधून दिले होते, आणि कंदांवर काहीच फरक पडला नाही. ते अपेक्षितच होते. आपल्या काळ्या चिकण मातीच्या कणांवर ऋणभार असतो, सामू आठच्या आसपास असतो आणि चुनखडी भरपूर असते, त्यामुळे धनभारित कायटोसॅन मुळांपर्यंत पोहोचण्याआधीच वरच्या थरात अडकते आणि उरलेले जमिनीतील जिवाणू खाऊन टाकतात. शिवाय एकरी काही ग्रॅमने जमिनीत काय साधणार? त्या कामासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे बायोमिक्स (उपयुक्त सूक्ष्मजीवांचे मिश्रण), पाण्याचा निचरा आणि निरोगी बेणे हेच उपाय अधिक भरवशाचे आहेत, आणि बायोमिक्स खर्चातही हलके पडते. हरभऱ्यातील मर रोगासाठीही मी ट्रायकोडर्माची बीजप्रक्रियाच सुचवीन. कायटोसॅनने बीजप्रक्रिया केल्यास उगवण चांगली होते असे प्रयोगांत दिसले आहे, पण मराठवाड्यातील कोरडवाहू हरभऱ्याच्या अर्थकारणात ही बाटली बसत नाही.

किमतीबद्दल सांगायचे तर एका फवारणीचा एकरी खर्च गंधकाच्या कित्येक पट आणि चांगल्या आंतरप्रवाही बुरशीनाशकाच्या जवळपास येतो. द्राक्षासारख्या पिकात, तेही निर्यातीच्या किंवा कमी अवशेषांच्या मालाला वेगळा भाव मिळत असेल तरच, तो परवडतो. स्थानिक बाजारात माल देणाऱ्याने भुरीसाठी सुरुवातीला गंधक आणि शेवटच्या टप्प्यात एकदोन फवारण्या याच्या, असे वेळापत्रक ठेवले तर खिशाला झळ बसत नाही. पाच लिटरचा कॅन स्वस्त पडतो असे सांगितले जाते, पण उघडल्यानंतर ते फार काळ टिकणारे द्रावण नसल्याने एका हंगामात संपेल एवढीच बाटली घ्यावी आणि ती घरात सावलीत ठेवावी.

याच उत्पादकाची तांबेयुक्त नॅनो कायटोसॅन अशी दुसरी, दुप्पट किमतीची बाटलीही दुकानात होती. संशोधनाच्या दृष्टीने ती अधिक आशादायक आहे, कारण सावकाश सुटणारे तांबे कमी मात्रेत जास्त काळ काम करू शकते, आणि फ्रान्समधील बोर्दो परिसरात १८८५ साली मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण मांडल्यापासून डाऊनीवर तांबे चालते याबद्दल कोणालाही शंका नाही. परंतु रोगासाठी विकले जाणारे तांबे हे नोंदणीकृत बुरशीनाशकच असावे लागते, आणि त्या बाटलीवर नोंदणी क्रमांक नव्हता. तांब्याचे अवशेष तपासणीत मोजले जातात हेही विसरून चालणार नाही. म्हणून ती आम्ही घेतली नाही. मोसंबीच्या डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी, तीच बाटली खोडाला लावण्याची शिफारस दुकानात आमच्यासमोरच एका गृहस्थांना केली जात होती. त्यांना आम्ही खोड खरवडून बोर्डो पेस्ट लावण्याचा आणि आळ्यातील पाणी बुंध्यापासून दूर ठेवण्याचा सल्ला दिला, कारण मोरचूद आणि कळीचा चुना त्याच दुकानात, त्या बाटलीच्या अंशभर किमतीत मिळत होता.